घरची अडचण

मी चौथीपर्यंत शिकलो. गोड लिहिणं जमत नाही. बायको गेल्यापासून तर गोड बोलणंही सुटलं.

आमचा कारखाना बंद पडला, आणि त्याच सुमारास शहराबाहेर मोठ्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठू लागल्या. त्यातल्या एकीला ड्रायव्हर हवे होते. पोट तर माझं रिक्षावरही भरत होतं. पण बायकोच्या काळजाची झडप खराब होती, आणि ती कंपनी नोकरांच्या घरच्यांचं ऑपरेशन स्वतःच्या खर्चानं करायची. म्हणून गेलो.

गौलीगुड्यातल्या आमच्या घरातून निघताना ती म्हणाली, "अहो, माझं दुखणं नीट सांगा. लाजू नका."

तिचं काय चुकलं? कारखान्यात तीच रीत होती. मिस्त्री आधी घरची अडचण विचारायचा. ज्याची अडचण मोठी, त्याला आधी घ्यायचा. गरजू माणूस काम टाकून पळत नाही, म्हणायचा.

कंपनीत गाडी चालवून दाखवली. पास झालो. मग थंडगार खोलीत एका टायवाल्या साहेबानं पाणी दिलं, हसून विचारलं, "चाचा, घर में सब ठीक?"

मला वाटलं, हाही मिस्त्रीच. सगळं सांगून टाकलं. ती भिंतीला टेकून बसून झोपते, हेसुद्धा. तो मान हलवत लिहीत राहिला. "बहुत मुश्किल है चाचा. हम खबर करेंगे."

खबर कसली करतात! आठवड्यानं मीच गेटवर जाऊन विचारलं. चाचणीत गाडी दोनदा बंद पाडणाऱ्याला घेतलं होतं. पहारेकरी म्हणाला, "बीमारी का कायकू बोले मियाँ? कंपनी खर्चे से डरती."

घरी सांगितलं तर ती हसली. "धडधाकट बायको करायची होती. आज ड्रायव्हर असता." मग म्हणाली, "माझ्यापायी गेली हो तुमची नोकरी. माफ करा."

माफी तिनं मागायची? त्या टायवाल्याला झोप लागत असेल, आणि माफी हिनं मागायची?

सरकारी दवाखान्यात नंबर यायच्या आत ती गेली. तेरावं झाल्यावर आमचा शेजारी येऊन बसला. भला माणूस. म्हणाला, "कंपनी में फिर जगह है भाई. जाओ. अब तो लेते तुमको."

मी त्याला उठवून दाराबाहेर काढलं. खोटं काहीच बोलला नव्हता तो. आता घेतलंच असतं त्यांनी.