सोपानची नजर

ही गोष्ट मी आजवर कितीतरी माणसांना सांगितली आहे. जेवणाच्या टेबलावर, व्याख्यानांत, एकदा तर विमानात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला. आणि तरीही सांगतो — खरी गोष्ट मी एकालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, बहिणीलाही नाही. लोकांना जी सांगितली ती हसवणारी होती. उरलेली माझ्यापाशीच राहिली, तीच आज तुमच्यापुढे ठेवतोय.

मी डोळ्यांचा डॉक्टर. वाढलो चिंचवडच्या गावठाणात, वडील पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. गेली सव्वीस वर्षं इंग्लंडात आहे. पण दर हिवाळ्यात पाच-सहा आठवडे इकडे बहिणीकडे येतो. कॉलेजातला माझा मित्र दिलीप याचं चिंचवडला डोळ्यांचं हॉस्पिटल आहे, आणि चाकणकडच्या कारखान्यांत कामगारांचे डोळे तपासायचं काम त्याच्याकडे असतं. मी आलो की त्याच्याबरोबर जायचो. एक पैसा घ्यायचो नाही. याला मी सेवा म्हणायचो — मनातल्या मनात, आणि कुणी विचारलं तर मोठ्यानेही.

परत गेलो की तिथल्या हॉस्पिटलात माझं एक भाषण ठरलेलं. भारतातलं जगणं, भारतातलं काम, डॉक्टरच्या नजरेतून. फोटो दाखवायचो. काळेवाडीत रस्त्याच्या कडेला चष्मे विकणारा, जो गिऱ्हाइकाच्या हातात जुनं वर्तमानपत्र देतो आणि अक्षर दिसेपर्यंत एकेक चष्मा चढवायला लावतो. कारखान्याच्या कँटीनमध्ये एका हातात वडापाव आणि दुसऱ्या हाताने डोळा झाकून बसलेली पोरं. लोक खूश व्हायचे. आणि शेवटी, हमखास, तक्त्याची गोष्ट.

ती अशी सांगायचो. डोळे तपासायचा तक्ता तुम्ही पाहिला असेल — वर मोठं अक्षर, खाली लहान लहान होत गेलेली. चाकणच्या त्या कारखान्यात तक्ता वर्षानुवर्षं तोच. रांगेतला प्रत्येकजण पुढच्याचं ऐकतो आणि पाठ करतो. एकजण तर डोळा झाकायच्या आधीच म्हणायला लागला. मग मी काय केलं? तक्ता उलटा केला. मागच्या बाजूला मराठी अक्षरं होती. पुढचा गडी आला, तो क्रेन चालवणारा. त्यानं मराठी तक्त्याकडे टक लावून पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला — ई, एफ, पी, टी, ओ, झेड.

हसू आलं ना? सगळ्यांनाच यायचं. मी पुढे म्हणायचो, आणि हा माणूस लोकांच्या डोक्यावरून टनभर लोखंड नेत होता! मग तिथले लोक हसता हसता एकदम गंभीर व्हायचे, आणि माझ्याकडे आदराने बघायचे.

त्या माणसाचं नाव सोपान. भाषणात मी त्याचं नाव कधी घेतलं नाही.

आता ती गोष्ट सांगताना काय काय गाळायचो ते सांगतो. पहिलं म्हणजे, त्या दिवशी मला राग आला होता. दोन दिवस मी पास-पास लिहीत बसलो होतो आणि ही माणसं मला बनवत होती — मला, खास इंग्लंडहून आलेल्याला! तेव्हा तक्ता मी तपासणीसाठी उलटा केलाच नव्हता. कुणाला तरी पकडायचं होतं. सोपान रांगेत शेवटचा होता. पन्नाशीकडे झुकलेला, इस्त्रीचा युनिफॉर्म, पांढरी होत चाललेली मिशी. तो तळहाताने डोळा झाकत होता तेवढ्यात मी तक्ता फिरवला.

दुसरं — तो थांबला होता. क्षणभर, पण थांबला. तक्ता बदललाय हे त्याला कळलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, तपासणी उरकून बाजूला उभ्या असलेल्या पोरांकडे पाहिलं, आणि मग म्हणायला सुरुवात केली. आंधळा माणूस असा थांबतो का? हे मला, डोळ्यांच्या डॉक्टरला, कळायला नको होतं?

तिसरं सांगायला जड जातं. पहिल्या दोन ओळींनंतर सगळा हॉल हसायला लागला. मी तिथंच थांबवू शकलो असतो. मी म्हणालो, पुढची ओळ. त्यानं म्हटली. मी म्हणालो, पुढची. शेवटच्या बारीक ओळीपर्यंत म्हणायला लावलं त्याला. कान लाल झाले होते त्याचे. मग मी फॉर्मवर लिहिलं — दूरची नजर सदोष, क्रेनसाठी अपात्र. ना बॅटरी हातात घेतली, ना दुसरा तक्ता काढला. डोळे तपासलेच नाहीत. सही केली.

पण हेही अजून खरं पाप नाही. रागाच्या भरात माणूस चुकतो, असं म्हणून तुम्ही कदाचित सोडूनही द्याल. थांबा. घाई करू नका.

तिसऱ्या दिवशी, शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत तो एकटा आला. दार लोटून घेतलं. खुर्चीवर बसला नाही. म्हणाला, "सायेब, नजर चांगली हाय माझी. मला वाचताच येत न्हाई."

मग खाली बघत सगळं सांगितलं. गावाकडची जमीन कारखान्यासाठी गेली, त्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली. थोरल्या भावानं नको म्हटलं म्हणून हा लागला. फॉर्मवर कुणीतरी सातवी पास लिहिलं आणि ते तसंच राहिलं. क्रेनच्या केबिनमध्ये वाचायचं काही नसतं. खालचा माणूस हाताने खुणा करतो, वरच्याने बघायचं — वर, खाली, डावीकडे, थांब. सोळा वर्षं त्याचं काही अडलं नव्हतं. वर्षातून एकदाच काय ती धास्ती, डोळ्यांच्या तक्त्याची. म्हणून तो रांगेत शेवटी उभा राहायचा आणि ऐकून ऐकून पाठ करायचा.

न वाचणाऱ्यांसाठी वेगळा तक्ता असतो. त्यावर नुसतं तीन दात्यांचं एकच अक्षर, इंग्रजी ई, कधी उजवीकडे तोंड, कधी वर, कधी खाली. माणसाने फक्त दिशा दाखवायची. हा तक्ता तीनही दिवस माझ्या बॅगेत होता. मी तो काढला, भिंतीला लावला. सोपानने हाताने दिशा दाखवल्या — त्याच क्रेनच्या खुणा, मनगट ताठ, बोटं स्पष्ट. शेवटच्या ओळीपर्यंत, दोन्ही डोळ्यांनी, एकही चूक नाही. माझे डोळेही इतके चांगले नाहीत.

तो म्हणाला, "वाचता येत न्हाई ते कुनाला सांगू नका. नजर बरी हाय, येवढंच लिवा."

मी म्हणालो, लिहितो. आत्ताच सांगतो त्यांना.

आणि मी सांगितलं नाही.

का? तुम्हाला वाटेल काहीतरी मोठं कारण असेल. नव्हतं हो. याद्या सकाळीच ऑफिसात गेल्या होत्या. दिलीप मॅनेजरच्या केबिनमध्ये चहा घेत होता. मी दार उघडलं, तर दिलीप म्हणाला, हे आमचे इंग्लंडचे डॉक्टर, यांच्यामुळे यंदा खरी तपासणी झाली. मॅनेजर उठून उभा राहिला. क्रेनवाल्याला नेमकं पकडलंत, म्हणाला, मोठा अपघात टळला. आता त्या माणसाला मी काय सांगायचं — की न तपासताच सही केली? एक ओळ लिहायची होती. पुन्हा तपासले, नजर उत्तम. सोपानचं गुपितही फुटलं नसतं. फुटलं असतं ते माझं बिंग. मी चहा घेतला. उद्या फोन करू म्हटलं. मग विमानात म्हटलं, पोचल्यावर मेल करू. वेळ मारून नेणं आपल्याला छान जमतं — आपल्याला कशाला, मला.

पुढच्या हिवाळ्यात त्या कारखान्यात गेलो तेव्हा तिथल्या प्रथमोपचाराच्या खोलीतल्या सिस्टरला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, कंपनी वाईट वागली नाही हो. काढलं नाही त्याला. दूरचं दिसत नाही म्हणून जवळचं, बसून करायचं काम दिलं, स्टोअरमध्ये. स्टोअरमध्ये काय असतं? खोकी, आणि प्रत्येक खोक्यावर नावाची चिठ्ठी. आठवडाभर त्यानं खोक्यांच्या जागा पाठ करून निभावलं. मग कुणीतरी खोकी हलवली. स्टोअरकीपरने सगळ्यांसमोर एक चिठ्ठी त्याच्या तोंडापुढे धरली आणि म्हणाला, वाच. दुसऱ्या दिवसापासून सोपान आला नाही. कुणी काढलं नाही त्याला. सोळा वर्षं झाकलेलं मी उघडं पाडलं होतं, आणि तेही खोटं लिहून.

आणि हे ऐकून परत गेल्यावर मी भाषणात तक्त्याची गोष्ट सांगितली. हो, त्याच वर्षी. पुढच्याही वर्षी. लोक हसले. हशा पिकवायचा माझा नेम चुकला नाही. टनभर लोखंड, म्हणालो. हे मी कसं केलं ते मला विचारू नका, मला ठाऊक नाही. जीभ अडखळली सुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वी भाच्याने ताथवड्याला फ्लॅट घेतला. मी गाडी घेऊन त्याच्याकडे गेलो. मोठी सोसायटी, गेटवर वॉचमन. गाडी अजून पन्नास पावलांवर होती तेव्हाच तो खुर्चीतून उठला आणि हात जोडून उभा राहिला. मला चेहरा दिसत नव्हता. जवळ गेल्यावर दिसला.

"सायेब, लांबनंच वळखलं तुमाला," सोपान म्हणाला.

रजिस्टर पुढे केलं. तुमीच लिवा, म्हणाला, आणि हसला. आता त्याची लाज गेली होती की तशी सवय झाली होती, कोण जाणे. मी नाव लिहिलं, फ्लॅटचा नंबर लिहिला. घरच्यांची चौकशी करायची म्हणून केली. मग तो माझ्या खिडकीशी वाकला, आणि मला धीर द्यावा तसा हळू म्हणाला, "तुमी सांगितलं आसंल त्यांना. कंपनीनंच ऐकलं न्हाई, त्याला तुमी तरी काय करनार?"

इतकी वर्षं त्याने माझ्याबद्दल हे धरून ठेवलं होतं.

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, "सांगितलं होतं."

त्याने मान हलवली. ठाऊकच होतं त्याला. मग गाडी लावताना मागे उभा राहून त्याने हाताने खुणा केल्या — मागे, मागे, थोडं डावीकडे, थांब. मी थांबलो.

भाषण मी आता देत नाही. त्यात काही पुण्य नाही, वय झालं म्हणून बोलावणं येत नाही. सोपान अजून त्याच गेटवर आहे. भाचा सांगतो, मामा, फार सज्जन माणूस, तू कधी येणार म्हणून नेहमी विचारतो. मी यंदाही गेलो होतो. त्याने मला लांबूनच ओळखलं, उठून उभा राहिला. मी काच खाली केली, बरं आहे ना म्हणालो, रजिस्टरमध्ये माझं नाव लिहिलं आणि आत गेलो.