गोल सोडून धावायला निघालेली

आमच्या शाळेच्या हँडबॉल संघात तिला सगळे 'भिंत' म्हणायचे. अंगापिंडाने दणकट, हात लांब. ती गोलसमोर उभी राहिली की चेंडूची आत जायची बिशाद नव्हती. दहावीत ती कप्तान झाली आणि हँडबॉलच्या सरांनी पुढच्या वर्षीचा करंडक मनातल्या मनात कपाटात ठेवूनही दिला. अकरावी सुरू झाली, तेव्हा भूगोलाच्या तासानंतर ही पोरगी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "बाई, मला धावण्याच्या संघात घ्या."

भूगोल शिकवता शिकवता लांब पल्ल्याच्या धावण्याचा संघही मीच सांभाळायचे, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. संघ म्हणजे सात पोरी आणि एक शिट्टी. तुझं डोकं ठिकाणावर आहे ना, असं मी तिला विचारलं. तिने शांतपणे सांगितलं की तिला सैनिकी अकादमीत जायचंय आणि तिथल्या चाचणीत अडीच किलोमीटर ठरलेल्या वेळेत धावावं लागतं. सुट्टीत तिने एकटीने मैदानावर धावून पाहिलं होतं. तिसऱ्या फेरीला पोटात कळ आली आणि ती मटकन खाली बसली. गोलमध्ये उभं राहून दम वाढलाच नव्हता. दोन्ही खेळांचा सराव एकाच वेळी असायचा, त्यामुळे एक सोडणं भाग होतं.

सर भडकले. अकादमीत कप्तानपदाला वजन असतं, आता खेळ बदललास तर अर्धवट सोडणारी ठरशील, असं त्यांनी तिला ऐकवलं. खोटं नव्हतं ते. घरीही तोच सूर. आई दवाखान्याच्या धुलाई विभागात चादरींना वाफेची इस्त्री करायची, वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. चांगलं चाललेलं कशाला मोडायचं, असं आईचं म्हणणं. मुलीने वाद घातला नाही. संध्याकाळी धावून आली, दारात बूट काढले, जेवायला बसली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवड्याने वडील म्हणाले, "ही काही ऐकायची नाही. निदान बूट तरी धड घेऊ."

पहिल्या शर्यतीत एकतीस मुली होत्या. ही एकतिसावी आली. ती पोचली तेव्हा पंच दोर गुंडाळत होते. शाळेत टिंगलीला ऊत आला. 'भिंत चालली, भिंत चालली' म्हणून पोरं मागे लागायची. आता काही ही परत यायची नाही, असं मीही धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी मैदानावर गेले तर ही माझ्या आधी हजर, वाकून पायाचे अंगठे धरत होती.

त्या वर्षी हँडबॉलचा संघ उपांत्य फेरीत हरला. सरांनी तिला व्हरांड्यात, सगळ्या मुलींदेखत गाठलं आणि सुनावलं, "हा करंडक तुझ्यामुळे गेला."

"संघ एकावर उभा नसतो, हे तुम्हीच आम्हाला रोज सांगायचात, सर," ती म्हणाली. "मी ते खरं मानलं."

सरांनी तिला शिफारसपत्र दिलं नाही. मग मी लिहिलं. भूगोलाच्या बाईच्या पत्राला कोण विचारतो, हे मला माहीत होतं. तरी लिहिलं.

बारावीत तिचा सगळ्यात वरचा क्रमांक चौदावा. पदक कधीच नाही. पण अकादमीच्या चाचणीत अडीच किलोमीटर तिने ठरलेल्या वेळेच्या आत काढले. मुलाखतीला तीन अधिकारी होते. मधल्याने कागद खाली ठेवला आणि विचारलं, "कप्तान होतीस. ते सोडून चौदावी यायला गेलीस?"

पुढचं तिनेच मला सांगितलं. ती म्हणाली, "सर, मी तिसऱ्या फेरीला खाली बसायचे. ते इथे तुमच्यासमोर होण्यापेक्षा शाळेसमोर झालेलं बरं."

कुणी हसलं नाही. तिला जायला सांगितलं.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. दुसऱ्या यादीत होतं, खालून चौथं. आईने ते कामावरच मोबाइलमध्ये वाचलं आणि वाचता वाचता चादर करपली. मुकादम ओरडत राहिला, आईने लक्षही दिलं नाही.

शाळेने सत्कार ठेवला. सर भाषणाला उभे राहिले आणि हँडबॉलने या मुलीला कसं घडवलं ते रंगवून सांगू लागले. मी मान खाली घातली. सरांचं संपल्यावर माइक तिच्याकडे गेला.

"हँडबॉल मला आवडायचा," ती म्हणाली. "पण तो सोडला म्हणून मी इथे उभी आहे. आणि मी सोडला तेव्हा या व्यासपीठावरच्या एकाही माणसाला ते पटलं नव्हतं."

एवढंच बोलून ती खाली उतरली. पाहुण्यांच्या रांगेत तिच्यासाठी खुर्ची होती. तिथे न जाता ती मागे आली आणि आमच्या धावणाऱ्या पोरींमध्ये दाटीवाटीने बसली.