लँडमास्टरचा रेडिएटर

पेणच्या एसटी स्टँडसमोर गुणाजी म्हात्रेची काळी लँडमास्टर, जुन्या घडणीची मोटार, भाड्यासाठी उभी असायची. बाप मिठागरात राबला, गुणाजीनं मात्र ड्रायव्हरकी धरली. ज्या डॉक्टरांची गाडी तो चालवायचा, त्यांनी म्हातारपणी ती त्यालाच देऊन टाकली. जोह्या-हमरापुराकडच्या कितीतरी पोरी लग्न होऊन त्या गाडीतून सासरी गेल्या. गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्याला खपत नसे.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात गाडीचा रेडिएटर गेला. गळती बुजवायला डाग देऊन देऊन जाळी सडली होती. वडखळपर्यंतसुद्धा पाणी टिकेना. नेमकी तेव्हाच त्याची बायको सगुणा अंथरुणाला खिळली. पोटात गाठ होती. मुंबईच्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं.

तिचं एकच मागणं होतं. रोह्याला थोरल्या बहिणीला, धोंडुबाईला, भेटून यायचं. धोंडुबाईचे गुडघे गेलेले, तिला उंबऱ्याबाहेर पडवत नव्हतं. एसटीचे धक्के सगुणाला सोसणारे नव्हते.

"शेजारच्या केरूची जीप हाय ना," सगुणा म्हणाली. "तिच्यातनं नेलंत तरी चालल मला."

"आपली गाडी असताना लोकांच्या जीपमधनं कशाला गो? रेडिएटर भेटला की नेतो तुला. झोपून जाशील मागं."

पेणचा मेकॅनिक म्हणाला, पुढचा पत्रा कापला तर ॲम्बॅसडरचा बसेल. पत्रा कापायला गुणाजी तयार होईना. तो मुंबईच्या जुन्या बाजारात फिरला, पनवेलची गॅरेजं पालथी घातली. दर वेळी रिकाम्या हातानं परत यायचा आणि सगुणाला सांगायचा, "भेटल, भेटल." ती मान हलवायची. पुढे पुढे तिनं विचारणंही सोडलं.

अखेर कळलं, रोह्यात एका वकिलाच्या घरामागे तसलीच गाडी पडून आहे. वकील वारले होते. त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी आधी साफ नाही म्हटलं.

"कितीजण येऊन गेले. ह्यांची गाडी सुटी करून विकायची नाहीये मला."

गुणाजी पायरीवरच बसला. रेडिएटर कुणासाठी, कशासाठी हवा ते त्यानं सांगितलं. बाई आत गेल्या. मग आतून किल्ली घेऊन आल्या, धुळीनं भरलेलं दार उघडलं आणि नवऱ्याच्या शेजारी बसायच्या त्या जागेवर जाऊन बसल्या. गुणाजी बॉनेटखाली बोल्ट सोडवत होता तोवर त्या तिथंच होत्या.

"घेऊन जा त्यांना लवकर," निघताना त्या एवढंच म्हणाल्या.

जाता जाता तो धोंडुबाईकडे डोकावला. "परवा घेऊन येतो सगुणाला," म्हणून सांगून आला.

दुसऱ्या दिवशी रेडिएटर बसला. संध्याकाळी त्यानं गाडी चालू करून सगुणाच्या खिडकीजवळ आणली. आवाज ऐकून तिनं डोळे उघडले. "झाली काय?" एवढंच विचारलं.

पहाटे ती गेली.

मयत घरात ठेवून गुणाजी धोंडुबाईला आणायला रोह्याला निघाला. दुसऱ्या कुणाला पाठवायला तो तयार नव्हता. वडखळ गेलं, नागोठणं गेलं, इंजिन कुठंच तापलं नाही. अंगणात गाडी थांबली तशी आतून धोंडुबाईची हाक आली, "आली काय गो माझी बाय?"

ओटीवर तिनं गादी घालून ठेवली होती. तांदळाची पेज निवत ठेवलेली होती. गुणाजी एकटाच दारात उभा. म्हातारीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

त्यानं तिला उचलून गाडीत ठेवलं. सगळ्या वाटेवर ती रडत होती. पेण जवळ आल्यावर तिनं विचारलं, "दुसरी गाडी नव्हती काय रे कुणाची?"

"होती," गुणाजी म्हणाला.

धोंडुबाईनं बहिणीचं तोंड पाहिलं, तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि मग लोकांनी तिरडी उचलली.

त्यानंतर गुणाजीनं गाडी स्टँडवर लावणं बंद केलं. काही दिवसांनी तो सुहासिनीबाईंना सांगायला गेला. त्यांनी चहा पुढे केला आणि विचारलं, "भेट झाली ना बहिणींची?"

त्यानं मान खाली घातली. चहा निवून गेला तरी दोघंही उठली नाहीत.