रस्त्यावर उभी केलेली ब्यूक

आमच्या गल्लीत कुणीही जुनी गाडी घ्यायला निघालं की आधी लेलंड प्रुइटला दाखवायचं. लग्न ठरवताना कुणी कुणाला विचारलं नसेल, पण गाडी घेताना लेलंडला विचारायचेच. हा माझा शेजारी. आमच्या मिशिगनमधल्या मोटारीच्या कारखान्यात याचा जन्म गेला, गाड्यांना दारं बसवण्यात. नोकरी संपली, पण दारांचं वेड काही सुटलं नाही.

गाडी समोर आली की हा तिच्याभोवती एक फेरी मारणार, तोंडातून शब्द नाही. मग चारही दारं एकेक करून उघडणार, मिटणार, कान देऊन ऐकणार. दार खोटं बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. मग वाकून दाराखालच्या पत्र्यावर बोटांनी ठकठक. आमच्याकडं हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळावं म्हणून. ते मीठ गाडीला खालून खात जातं आणि वरून ती नटूनथटून उभी. विकणाऱ्यानं इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं दिसलं की हा तिथूनच माघारी. गार गाडी जो सुरू करून दाखवत नाही तो लबाड, विषय संपला.

सुसाट पळणाऱ्या, चकचकीत गाड्यांत त्याला काडीचा रस नव्हता. कामाला नेईल, किराणा आणेल, थंडीत रुसणार नाही, अशी चार दारांची साधी गाडी त्याला पसंत. दोन दारांची गाडी घेणाऱ्याला मित्र नसतात, हे त्याचं ठाम मत. माझ्या कैलासवासी नवऱ्याची दोन दारांचीच होती. या बोलण्यावरून मी लेलंडशी बरेच दिवस अबोला धरला होता, आणि त्या शहाण्याच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

त्याची स्वतःची गाडी बिस्किटी रंगाची ब्यूक, अमेरिकन कंपनीची. गिअर स्टिअरिंगपाशी आणि पुढची सीट बाकासारखी सलग. गाड्यांत वेगवेगळ्या सीटा आल्या आणि लोकांचे संसार मोडायला लागले, असं तो खुशाल सांगायचा. हसायचे सगळे. पण त्याची बायको नॉर्मा त्या सलग सीटवर, अख्खी जागा मोकळी असताना, त्याला खेटून मधोमध बसायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. नॉर्मा गेली. आमच्याकडं स्टिअरिंग डावीकडं असतं; त्यानंतर तो टोपी पार उजवीकडच्या कडेला ठेवायचा. मधे काहीच ठेवायचा नाही.

एकुलती एक मुलगी, रोंडा. ओहायोत नर्स आहे. बापलेकीचं बिनसलं ते गाडीवरूनच. आमच्या युनियनच्या हॉलबाहेर पाटीच होती, परदेशी गाडी इथं लावू नये. ज्या वर्षी कारखान्याला टाळं लागलं, त्याच वर्षी ही पोरगी जपानी गाडी घेऊन दारात आली. वेळ साधावी तर अशी. लेलंड घरालगत गाडी लावायच्या जागेच्या, ड्राइव्हवेच्या, तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, इथं नाही लावायची.

"बाबा, ही ओहायोत बनलीय," रोंडा म्हणाली. "तुमच्या ब्यूकचा नंबर बघा. दोननं सुरू होतो. कॅनडात बनलीय ती."

गाडीच्या काचेखाली नंबर असतो, त्याच्या पहिल्या आकड्यावरून गाडी कुठली ते कळतं. हे पोरीला शिकवलं कुणी? यानंच, ती एवढीशी असताना.

"कॅनडा काय परदेश आहे? पुलापलीकडं तर आहे," असं म्हणून हा घरात निघून गेला.

रोंडानं गाडी रस्त्याकडेला लावली. पण हिवाळ्यात रात्रीची गाडी रस्त्यावर ठेवता येत नाही, बर्फ काढणारा ट्रक यायचा असतो. मग मीच म्हटलं, माझ्या ड्राइव्हवेत लाव. तेव्हापासून तो रिवाजच पडला. थँक्सगिव्हिंगच्या सणाला पोरगी माझ्याकडं गाडी लावायची आणि घेवड्याच्या शेंगांचं गरम भांडं छातीशी धरून बर्फातून बापाच्या घरी चालत जायची. परत निघताना माझ्या स्वयंपाकघरात एक कप कॉफी. नॉर्माच्या मयताला आली तेव्हाही गाडी माझ्याच दारात. लेलंडनं तोंडातून चकार शब्द काढला नाही, आत लाव म्हणून. मला इतका राग आला होता त्याचा.

पुढं येणं कमी होत होत थांबलं. राहिला रविवारचा फोन. तो त्यानं माझ्यासमोर कितीदा तरी केलाय. तेल बदललंस का? चाकांत हवा आहे ना? मग ठीक. झालं, ठेवला फोन. एकदा मी न राहवून म्हटलं, अरे, ती कशी आहे ते तर विचार.

"तेच तर विचारतोय," तो म्हणाला.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्याच्या हृदयाची झडप बिघडली. ऑपरेशन करायला हवं, गाडी चालवायची नाही, जड उचलायचं नाही, नंतर कुणीतरी जवळ हवं. यानं कुणाला सांगितलं असेल तर शपथ. औषधाची बाटली बघून मीच खोदून खोदून काढलं आणि रोंडाला फोन लावला.

"मी येते," ती म्हणाली. "पण बर्निसमावशी, बाबांना सांग, या वेळी मी तुझ्याकडं गाडी लावणार नाही. आईच्या मयताला मी परक्याच्या दारात गाडी लावून चालत गेले. आता नाही. ड्राइव्हवे मोकळा दिसला नाही, तर तशीच परत फिरेन."

परक्याच्या म्हणाली. मला लागलं ते, पण ही वेळ माझ्या लागण्याची नव्हती. मी जाऊन लेलंडला शब्दन् शब्द सांगितला. तो खिडकीतून ब्यूककडं बघत बसला. त्याच्या ड्राइव्हवेत गाडी एकच मावते. गॅरेज नॉर्माच्या सामानानं भरलेलं, त्यातलं एकही खोकं त्यानं हलू दिलं नव्हतं.

ती यायच्या दिवशी सकाळी बघते तर ढीगभर बर्फ, आणि हा बाबा हातात फावडं घेऊन बाहेर. मी तशीच स्लिपर घालून धावले.

"मेल्या, पोरगी येईपर्यंत तरी जिवंत राहा," म्हटलं आणि फावडं हिसकावून घेतलं.

बर्फ मी काढलं आणि त्यानं उभ्या उभ्या माझ्या चुका काढल्या. मग तो ब्यूकमध्ये बसला, मी नको नको म्हणत असताना ती मागं घेतली आणि रस्त्याकडेला नेऊन लावली. मिठाचा ट्रक नुकताच येऊन गेला होता. चाकांखाली मीठ करकरत होतं. इतक्या वर्षांत ती गाडी हिवाळ्यात रस्त्यावर कधी उभी राहिली नव्हती. बर्फ पडलं की ती हलायचीच नाही, किराणासुद्धा तो माझ्या गाडीतून आणायचा.

"लेलंड, मीठ लागेल रे तिला."

"लागू दे," तो म्हणाला.

दुपारभर तो पुढच्या खिडकीत टोपी घालून बसला होता. मी माझ्या खिडकीत. रस्ते वाईट होते, उशीर होत गेला. शेवटी रोंडाची गाडी वळणावर दिसली. सावकाश आली. ब्यूकच्या मागं येऊन भर रस्त्यात थांबली, नुसते वायपर हलत होते. आणि मग ती माझ्या ड्राइव्हवेत वळली.

पलीकडं बघितलं तर लेलंडच्या खिडकीचा पडदा ओढलेला. जागा मोकळी करून दिली तरी पोरगी शेजारणीच्याच दारात गेली, हे त्यानं बघितलं होतं.

मी दार उघडलं. रोंडाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कधी गेले?" तिनं विचारलं.

"कोण गेले?"

"ब्यूक रस्त्यावर आहे, मावशी. ते असताना कोण काढेल ती मिठात?"

मग मला उमगलं. बाप जिवंत असताना ही गाडी रस्त्यावर येणंच शक्य नाही, असं धरून चालली होती पोरगी. कुणीतरी प्रेत न्यायच्या गाडीला जागा केली, असं वाटलं तिला. मला रडू यायला लागलं, म्हणून मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, अगं वेडे, त्यानंच काढली, तुझ्यासाठी काढली, हो बाहेर माझ्या दारातून. खांद्याला धरून मी तिला गाडीत बसवलं.

ती त्याच्या ड्राइव्हवेत शिरली आणि हॉर्न वाजवला. दार उघडायला वेळ लागला. लेलंड बाहेर आला, तिच्याकडं न बघता गाडीभोवती एक फेरी मारली. मग चारही दारं उघडली, मिटली. मी कुंपणापाशी उभी होते. शेवटच्या दारावर त्यानं हात तसाच ठेवला.

"नीट बसवलंय. कुणीतरी मन लावून बसवलंय," तो म्हणाला. आणि मग, "तेल बदललंस का?"

इतकी वर्षं दर रविवारी हो म्हणणारी रोंडा म्हणाली, "नाही बाबा. राहिलंय."

"मग बदलू," म्हणून त्यानं तिच्या हातातली बॅग घ्यायला हात पुढं केला. तिनं ती दिली नाही, त्याचा हातच धरला.

ऑपरेशन नीट झालं. रोंडा त्याला ओहायोला घेऊन गेली, आणि बरंच झालं ते. पलीकडच्या त्याच्या घराच्या काचेवर आता घर विकायचं असल्याची पाटी आहे. ब्यूक माझ्या ड्राइव्हवेत उभी असते. अधूनमधून सुरू कर, असं बजावून किल्ली देऊन गेलाय. मी सुरू करते आणि मग पलीकडं जाऊन थोडा वेळ बसते, उजव्या कडेला, मधली जागा सोडून. गल्लीतले लोक आता गाडी कुणाला न दाखवताच घेतात.

रविवारचा फोन आता मला येतो. सुरू केलीस का, मीठ धुतलंस का, विचारतो. मग म्हणतो, जरा दार ऐकव. मी कोट चढवून बाहेर जाते, फोन दारापाशी धरते आणि दार मिटते. तो कान देऊन ऐकतो. मग ठीक, म्हणतो आणि ठेवतो. मी कशी आहे ते त्यानं विचारलं, असं मी धरून चालते.