हनुमंतरावांचं गुरुवारचं अपडेट

गुरुवार होता. शिरूरच्या ऑफिसात मी शाळांना दहावीच्या फॉर्मची आठवण करणारा मेल लिहीत होते. चहा येऊन गेला होता. पावणेअकराला वरवंडहून हनुमंतरावांच्या भावाचा फोन आला. "ताई, दादा गेला. सकाळी, बसल्या जागी." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. तसं का म्हणाले, मला सांगता येणार नाही. अर्धवट राहिलेला मेल पूर्ण करून पाठवला आणि मग उठले.

आमच्या शिक्षण संस्थेचा मेल सर्व्हर हनुमंतराव सांभाळायचे. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या वीसेक शाळांचा पत्रव्यवहार त्यावर चालतो. कॉम्प्युटर विभागात आम्ही दोघंच. ते गेले आणि सर्व्हर माझ्यावर आला. दहावीचे फॉर्म तोंडावर, मेल एक दिवस बंद राहून चालणार नव्हतं. आणि त्यांनी कागदावर एक ओळ लिहून ठेवलेली नव्हती!

माणूस असतो तोवर त्याचे किस्से कुणी गोळा करत नाही. गेला की प्रत्येकजण आपल्याजवळचा एक काढतो. दहाव्याच्या दिवशीच याला सुरुवात झाली. चार-पाच ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं, सर्व्हर कसा चालवायचा ते यातच आहे. मग मी वही घेतली. त्यानंतर अपडेटचा एकही गुरुवार चुकलेला नाही, ते या सांगणाऱ्या माणसांमुळे.

* * *

जगभर सर्व्हरचं अपडेट रात्री लावतात. आमचं आपोआप सुरू होतं ते गुरुवारी दुपारी अडीचला, भर कामात! वेळ हनुमंतरावांनी लावलेली. यवतचे मुख्याध्यापक मेल अडला रे अडला की फोन करून त्यांना झापायचे.

"अहो, रात्री करा की हे!"

"सर, रात्री बिघडलं तर सकाळी कळतंय. दुपारी बिघडलं तर लगेच शिव्या येत्यात. शिवी हाच आपला अलार्म हाय!"

मला मात्र हळूच म्हणायचे, "यवतच्या सरांचा फोन दहा मिनिटांत आला न्हाई, म्हंजी अपडेट पास."

हनुमंतराव गेले त्या गुरुवारी अडीच वाजता आम्ही सगळे वरवंडला स्मशानात होतो. सर माझ्याशेजारीच उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, मोबाईल काढला, मेल उघडला.

"चालू आहे," ते म्हणाले. मोबाईल खिशात ठेवत म्हणाले, "आता मी कुणाला झापू, मॅडम?"

* * *

आमचे सर्व्हर दोन. मोठा शिरूरला, धाकटा दौंडला. कुठलंही अपडेट आधी दौंडला. तिथं आठवडा नीट गेला तरच शिरूरला. दौंडच्या क्लार्क शिंदेबाई एकदा हनुमंतरावांवर चिडल्या.

"आमच्यावर प्रयोग करता व्हय?"

"बाई, पाटाचं पाणी आधी शेपटाला देत्यात. न्हाईतर शेवटच्याला कवा मिळायचं? तुमचा मान पहिला हाय."

शिंदेबाई खूश झाल्या. पुढच्याच गुरुवारी दौंडचे सगळे मेल तुंबले. पाचव्या मिनिटाला त्यांचा फोन.

"भाऊ, पाणी आलं. पर नुसता गाळ हाय!"

* * *

मेल सर्व्हर म्हणजे एकच यंत्र नव्हे. पत्र घेणारं, तपासणारं, वाटणारं, पडद्यावर दाखवणारं अशी बरीच मॉड्यूल असतात, एकमेकांना टेकून उभी. एक बदललं की दुसरं कलंडतं. मला हे समजायला वर्ष लागलं. आमच्या संचालकांपैकी एक, आबा, त्यांना मिनिटात समजलं.

बैठकीत आबांनी हनुमंतरावांना विचारलं, "माझा मोबाईल आपोआप अपडेट होतोय. तुम्ही एकेक तपासत का बसता?"

"आबा, तुमच्या मोबाईलच्या मागं ट्रेल्या न्हाईत."

आबांच्या घरी ऊस वाहायचा ट्रॅक्टर. आबा सावरून बसले.

"नवा ट्रॅक्टर आणला, त्याचा हुक मोठा. मागच्या दोन्ही ट्रेल्या जुन्या. जोडणार कशा?" हनुमंतरावांनी विचारलं.

"मग ट्रेल्या बदलंस्तवर जुनाच ट्रॅक्टर चालवायचा," आबा म्हणाले. आणि बाकीच्या संचालकांकडं वळून म्हणाले, "समजलं का? एवढं सोपं हाय! उगं काय विचारत बसता!"

* * *

हा किस्सा माझाच. हनुमंतराव रजेवर होते. मशीननं विचारलं, अमुक मॉड्यूल आता कुणाला लागत नाही, काढू का? मला स्वच्छतेची आवड. हो म्हटलं.

मेलला जोडलेल्या फाइलींची मराठी नावं वाचणारं मॉड्यूल नेमकं ते निघालं. तासाभरात इनामगावच्या सरांचा फोन.

"मॅडम, आमच्या शिक्षकांच्या हजेरीची फाइल तुमच्याकडनं परत आली. नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! हजेरीवर संशय हाय का?"

हनुमंतराव दुसऱ्या दिवशी आले. रागावले नाहीत. मॉड्यूल परत बसवता बसवता म्हणाले, "ताई, लागत न्हाई म्हणून काढायचं ठरलं, तर पहिली आपली संचालकांची बैठक रिकामी व्हईल!"

* * *

एका वर्षी अध्यक्षांच्या दिवाळीच्या शुभेच्छा सगळ्या शाळांत स्पॅममध्ये गेल्या. आदल्याच गुरुवारी स्पॅमचा फिल्टर अपडेट झाला होता. अध्यक्ष हनुमंतरावांवर लालबुंद!

"साहेब, फिल्टर नवा हाय. त्याला अजून तुमची वळख न्हाई."

"मग करून द्या ओळख," अध्यक्ष निवळले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "खरंच नवा म्हणून?"

"न्हाई ताई. माणसं काय टाकून देत्यात ते बघून तो शिकतो. मास्तर लोकांनीच शिकवलाय त्याला, पाच वर्षं!"

* * *

गेल्या महिन्यात शिरूरच्या सर्व्हरवर सहा अपडेट अडवून ठेवलेली दिसली. कुणीतरी हातानं थांबवल्याशिवाय ती अशी अडत नाहीत. मेलबॉक्स पडद्यावर दाखवणारं एक मॉड्यूल, आणि त्याला टेकलेली आणखी पाच. इतकी जुनी, की त्यांच्या दुरुस्त्या बाहेरून येणं केव्हाच बंद झालं होतं. हनुमंतराव त्या दर गुरुवारी स्वतः करत होते. मशीनमध्ये नोंदी होत्या, सहा वर्षांच्या.

मी शिंदेबाईंना फोन केला. "तुमच्याकडे मेलबॉक्स कसा दिसतो हो?"

"नवा! सहा वर्षं झाली की. का? तुमच्याकडं जुनाच हाय?"

तेव्हा आठवलं. शिरूरलाही नवा मेलबॉक्स एकदा आला होता. मी म्हणाले होते, "शी! किती बारीक अक्षरं. माझ्या डोळ्यांना हे झेपायचं नाही." हनुमंतराव "बरं" म्हणाले होते. पुढच्या गुरुवारी जुना, मोठ्या अक्षरांचा परत आला. मला वाटलं, नवा कुणालाच आवडला नसेल.

अडवलेल्या मॉड्यूलपुढे कारण लिहायला जागा असते. तिथं त्यांनी लिहिलं होतं, "ताई रिटायर झाल्यावर करणे."

मला रिटायर व्हायला दीड वर्ष आहे. तोवर थांबता येणार नाही. त्या जुन्या मॉड्यूलमधून कुणी आत शिरलं, तर वीस शाळांची पत्रं उघडी पडतील, आणि त्या दुरुस्त्या मला जमत नाहीत. मी नवा चष्मा करून आणला आहे. नव्या मेलबॉक्समध्ये अक्षर मोठं करायला दोन बटणं दाबावी लागतात, तेही शिंदेबाईंनी दाखवलं.

सहाही अपडेट सोडायला एक ओळ टाइप करायची आहे. तीन गुरुवार गेले. मी ती अजून टाइप केलेली नाही.