पावमावशीची बेकरी

पावमावशी यंत्रांच्या दुकानात शिरली, की दुकानदाराशी नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच पिशवीतून मैदा बाहेर काढायची. मैदा, यीस्ट, मिठाची पुडी, पाण्याची बाटली, सगळा संसार त्या कापडी पिशवीत. विक्रेता पीठ मळायचं यंत्र रिकामंच गरगर फिरवून दाखवत असायचा आणि ही बाई त्याच्या टेबलावर पुड्या मांडत असायची. "मैडम, ट्रायल तो खाली मशीन की होती है," तो म्हणायचा. "खाली तो मेरा पंखा भी घूमता है, भैया. इसमें मैदा डालके दिखाओ." मग एक तर तिथून आमची बोळवण व्हायची, नाहीतर मागच्या गोदामात खरोखरच पीठ मळलं जायचं. मावशी भांड्यात हात घालून गोळा ताणून बघायची, वास घ्यायची आणि हात पुसत मला म्हणायची, "चांगलं आहे. अजून एक बघू."

मी तिच्याबरोबर असायचे, कारण मला गाडी चालवता येत होती आणि तिला नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. ती आमच्या नात्यातली नव्हे. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये समोरच्या दारात राहायची. मूळची नागपूरजवळच्या कामठीची. एका मंत्रालयात नोकरी लागली म्हणून दिल्लीत आली ती इथलीच झाली. नवरा लवकर गेला, मुलगा निखिल तिनं एकटीनं वाढवला. ऑफिसच्या फायलींवर तिचं काहीतरी भारदस्त नाव असणार, पण आम्हा पोरांची ती पावमावशी. पुढे आमच्या आईवडिलांनीही तेच नाव उचललं.

दिल्लीत मराठी माणसाला सगळं मिळतं, पाव तेवढा मिळत नाही. जो मिळतो तो गोड, कापसासारखा, मिसळीत बुडवला की नाहीसा होणारा. मावशीला हा अपमान वाटायचा. दर रविवारी ती पत्र्याच्या गोल ओव्हनमध्ये लादीपाव भाजायची आणि जिन्यात वास सुटला की तीन मजल्यांवरची दारं आपोआप उघडायची. एप्रिलमध्ये जयंतीला आणि भाद्रपदात मंडळाच्या गणपतीला, दोन्हीकडे पाव तिचाच. कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्राच्या जुन्या सदनात कामानिमित्त उतरलेले बाबांचे मित्र आवर्जून आमच्याकडे जेवायला यायचे. आईला मरेपर्यंत वाटत राहिलं, की ते तिच्या मिसळीसाठी येतात.

पावाच्या बाबतीत ती भलतीच खाष्ट होती. गरम पावाला हात लावला की फटका बसायचा. "अरे, त्याला श्वास तर घेऊ दे!" 'छान झालाय' म्हटलेलं तिला चालायचं नाही. "छान काय? काय छान ते सांग." मग स्वतःच एक तुकडा तोडून, चावून, नापसंतीनं मान हलवायची. दिल्लीच्या हिवाळ्यात पीठ फुगत नाही, म्हणून पिठाचं पातेलं घरातल्या एकुलत्या एका जाड रजईत गुंडाळलं जायचं आणि निखिल दोन शाली पांघरून कुडकुडत झोपायचा. "तो काय, अंगात स्वेटर घालू शकतो," मावशी म्हणायची. यावर आम्ही किती हसलो असू! निखिलही हसायचा, पण जरा उशिरा.

रिटायर झाल्यावर बेकरी काढायची, हे तिचं ठरलेलं होतं. ती ते इतक्यांदा बोलली होती, की सगळ्यांना पाठ झालं होतं. बेकरी छोटी हवी. एकच लादीपाव, फार तर सोबत नानकटाई. आणि मुख्य अट, "मळणार मी आणि विकणारही मीच. आत मी, बाहेर मी." कुणी म्हटलं, मावशी, एक माणूस ठेव की मळायला, तर तिचा चेहरा एकदम बंद व्हायचा. हातानं मळणं आता तिच्या खांद्याला झेपत नव्हतं, ते तिलाही कळत होतं. म्हणूनच रिटायर होताच ती यंत्राच्या मागे लागली. भट्टी काय, पत्र्याचं कपाट आहे, ती म्हणायची. पाव मळण्यात बनतो. आपल्या खांद्याची जागा घेणारं यंत्र ती शोधत होती, आणि अशा जागेवर कुणी सहज उमेदवार नेमत नाही.

मायापुरीच्या गल्ल्यांपासून फरिदाबादच्या कारखान्यांपर्यंत आम्ही फिरलो. विक्रेते आधी आमच्या मागे बघायचे. "सर नहीं आए?" एकदा एकानं कॅटलॉग शेजारी उभ्या असलेल्या परक्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात दिला. तो बिचारा गाडीत पंक्चरचं सामान शोधत होता. मावशी म्हणाली, "सर नहीं हैं. जो पूछना है मुझसे पूछो, और जो मैं पूछूँ वो बताओ." एका यंत्रात पीठ तापायचं. दुसऱ्यात कडेनं कोरडं राहायचं. तिसरं सगळ्या परीक्षांत पास झालं, तर त्याचा आवाज तिला आवडला नाही. "दिवसभर ऐकायचाय गं मला तो." मला तिचा राग यायचा. निवडायचं तरी किती? सरकारी खरेदीतसुद्धा कधीतरी सही होते. पण तिचं आपलं, अजून एक बघू.

मग पानिपत झालं. म्हणजे आम्ही पानिपतला गेलो. पाहुणा आला की दिल्लीतला मराठी माणूस त्याला पानिपत दाखवायला नेतो, तिथे उभा राहून उसासे टाकतो आणि वाटेत मुरथलला पराठे चापून परत येतो. मावशी गेली ती बंद पडलेल्या एका बेकरीतलं जुनं यंत्र बघायला. तिथल्या म्हाताऱ्या सरदारजींनी हुज्जत न घालता स्वतःच मैदा मोजून दिला. यंत्र घरघरत चालू झालं. मावशीनं हात घालून गोळा बाहेर काढला, ताणला, उजेडाकडे धरला. मग म्हणाली, "हेच." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. परतताना तिनं स्वतःहून दोन पराठे खाल्ले, वर लस्सी. "निखिलला आत्ता सांगू नकोस. रविवारी त्याला घेऊनच येऊ. डोळ्यांनी बघू दे." दिल्लीतला मराठी माणूस पानिपतहून इतका खूश होऊन परतलेला मी दुसरा बघितलेला नाही.

निखिल तेव्हा गुरुग्रामच्या एका मोठ्या कंपनीत वरच्या पदावर होता. मुलगा वाईट नव्हता, हे मला सांगायलाच हवं, सांगताना जीभ जड झाली तरी. आई रात्री खांद्याला बाम चोळताना त्यानं लहानपणापासून बघितली होती. रविवारी मोकळा राहा, एका ठिकाणी जायचंय, असं मावशीनं सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, मलाही तुला एका ठिकाणी न्यायचंय! आधी माझं सरप्राइज." त्यानं मलाही बोलावलं. मावशी पिशवी घेऊन गाडीत बसली. नंतर तिथूनच पानिपतला जाऊ, असा तिचा हिशेब होता.

गाडी गुरुग्रामच्या एका उंच सोसायटीखालच्या मार्केटमध्ये थांबली. नवंकोरं दुकान. काचेचे दरवाजे, पिवळे दिवे. वर बोर्ड, बोर्डावर मावशीचा हसरा फोटो आणि खाली हिंदीत, 'माँ के हाथों से'. निखिलनं किल्ली तिच्या हातात दिली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कर्ज काढून, सल्लागार नेमून त्यानं हे उभं केलं होतं. मावशीनं त्याच्या गालाला हात लावला. मग ती आत गेली आणि बघू लागली. चकचकीत विजेची भट्टी होती. माणूस उभा राहील एवढा फ्रीझर होता. कॉफीचं यंत्र होतं, थंड काचेची कपाटं होती. ती मागच्या खोलीत डोकावली, तिथे खोकी होती. परत पुढे आली.

"मळायचं कशात रे?" तिनं विचारलं.

"मळायचंच नाही आई! मळलेला, आकार दिलेला गोठवून येतो फॅक्टरीतून. आपण फक्त भट्टीत सरकवायचा. कंसल्टंट म्हणाला, मिक्सर घेणं म्हणजे जागा वाया. तू फक्त काउंटरवर बसायचं, लोकांशी बोलायचं. तुझा खांदा आयुष्यभर बघितलाय मी. आता बिल्कुल नाही."

हातातल्या पिशवीतला मैदा तिनं बाहेर काढला नाही. दिल्लीतल्या झाडून सगळ्या विक्रेत्यांना खडसावणारी ही बाई मुलासमोर नुसती उभी राहिली आणि म्हणाली, "छान आहे." काय छान ते तिनं सांगितलं नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं माझा हात घट्ट दाबला.

नंतर मी निखिलशी फोनवर कचाकचा भांडले. तो म्हणाला, "ताई, माझी आई जरा आरामात बसलेली बघवत नाही का तुला?" प्रेमानं केलेल्या गोष्टीविरुद्ध कुठेही दाद मागता येत नाही. मावशीनंच मला दटावलं. "कर्ज काढलंय त्यानं माझ्यासाठी. परत एक शब्द बोलू नकोस." पानिपतला तिनं फोन करून नाही म्हणून सांगितलं. सरदारजींनी कारण विचारलं, तर म्हणाली, बेटे ने बहुत अच्छा ले लिया है.

दुकान छान चालत होतं. मी एकदा दुपारी गेले, तेव्हा मावशी डोक्यावर टोपी, अंगात एप्रन घालून काउंटरमागे बसली होती. एक बाई तिच्या हातातून खोकं घेत म्हणाली, "आंटी, आपके हाथों में जादू है." मावशी हसली, अगदी फोटोतल्यासारखी. बाई गेली, तसं हसू उतरलं. दुकान रिकामं झालं होतं. आणि मग, इतक्या वर्षांत कधी न सांगितलेलं तिनं मला सांगितलं.

"आमचे बाबा कामठीला बेकरीत मळायला होते, सुजू. जन्मभर. हातानं मळायचे. पण गल्ल्यावर त्यांना मालकानं एक दिवस उभं केलं नाही. म्हणायचा, तुझ्या हातून गिऱ्हाईक पाव घेणार नाही. त्याच हातानं मळलेला खायचे सगळे, पण तो माणूस दिसायला नको. कधी पुढे आलेच तर मालक हातानं खुणावायचा, आत जा. मी शाळेतून डबा घेऊन जायची, तेव्हा बघायची." ती एप्रनवरून हात फिरवत राहिली. तिथे पिठाचा एक कणही नव्हता. "मला वाटायचं, आपली बेकरी काढीन तर आतही मीच असेन आणि बाहेरही मीच. आणि आता बघ. बाबांना दिसू दिलं नाही. मला नुसतं दिसायला ठेवलंय."

"मग सांग ना त्याला हे," मी म्हटलं.

"काय सांगू? आजोबांचं त्याला कधी सांगितलं नाही मी. ताठ मानेनं वाढवलाय त्याला. आता हे सांगून त्याच्या गळ्यात काय अडकवू?" तेवढ्यात दाराची घंटी किणकिणली आणि ती हसून उठली.

घरी पाव करणं तिनं त्याच सुमारास सोडलं. खांदा दुखतो, असं सांगायची. गणपतीत मंडळानं पाव मागितला, तेव्हा निखिलच्या दुकानातून खोकी आली. लोकांनी 'छान आहे' म्हणत खाल्ला. एकदा मी हट्ट धरला, की मला तरी शिकव. पीठ किती मळायचं ते तिनं कधीच कुणाला नीट सांगितलं नव्हतं. पूर्वी विचारलं की म्हणायची, बेकरी निघू दे, तिथे दिवसभर मळायचंच आहे, बघत बघत येईल तुला. या वेळी म्हणाली, "तोंडी नाही गं येत ते."

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. सकाळी दुकानाला निघताना छातीत कळ आली आणि संपलं. पुण्यानुमोदनाला सगळी दिल्ली लोटली होती. भंतेजींची वंदना झाली, आठवणींची भाषणं झाली. एकानं तर सांगितलं, की मावशींनी उतारवयात आपलं स्वप्न पूर्ण केलं. मी मान खाली घालून बसले, नाहीतर माझ्या तोंडून काय गेलं असतं सांगता येत नाही.

जेवणं उरकली. निखिल येऊन माझ्याजवळ सतरंजीवर बसला. चार दिवसांची दाढी, सुजलेले डोळे. मग अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणाला, "ताई, मला तिचा पाव खायचाय गं. तू असायचीस ना तिच्याबरोबर. तुला येतो?"

"नाही."

"मग कुणाला येतो?"

"कुणालाच नाही."

तो गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागला. आम्ही एका ताटात जेवून वाढलो. त्याच्या पाठीवर हात ठेवायचा, एवढंच करायचं होतं. मी चपला शोधायला उठले.