भाऊबीजेला तेच पुस्तक

यंदाच्या भाऊबीजेला मी माझ्या थोरल्या बहिणीला जे पुस्तक दिलं, तेच मागच्या भाऊबीजेलाही दिलं होतं. तीच कादंबरी, तेच मुखपृष्ठ, तीच जाडी. वेष्टनाचा कागदसुद्धा बहुधा त्याच गुंडाळीतला.

दोष माझ्या स्वभावाचा. मला पुस्तकांचं वेड आहे, पण पूर्ण किमतीला पुस्तक घेतलं तर मला अन्न पचत नाही. आमच्या पेणला पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की पहिल्या दिवशी मी नुसता फिरून येतो. पिशवी घेऊन जातो ते शेवटच्या संध्याकाळी, विक्रेते खोकी बांधायला लागतात तेव्हा. माल परत न्यायचा कंटाळा आलेला माणूस फार उदार असतो. दिवाळी अंक वाचनालयातून आणायचे. विकत घ्यायचेच झाले तर तुळशीचं लग्न उरकल्यावर, भाव पडल्यावर. 'दोन घ्या, तिसरं मोफत' अशी पाटी दिसली की मी संपतोच. ही तिसरी पुस्तकं, कधी एकाच पुस्तकाच्या दोन प्रतीही, आमच्या कपाटाच्या वरच्या फळीवर साठतात आणि बारसं, वाढदिवस, कुणाची सेवानिवृत्ती, काहीही निघालं की एकेक खाली उतरतं. बायको त्या फळीला रेशनचं दुकान म्हणते.

भाऊबीज करून किहीमहून परतताना मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, ते होडीच्या चित्रवालं पुस्तक मागच्या वर्षी पण आत्यालाच दिलेलं ना?"

मी गाडी चालवण्यात फार लक्ष आहे असं दाखवलं.

"ओवाळणीत डुप्लिकेट!" बायकोला हसू आवरेना. "अहो, साडी देणारे निदान रंग तरी बदलतात." वडखळपर्यंत ती हसत होती. तिथे नाक्यावर गाड्यांच्या रांगेत अडकलो, आणि ती हसता हसता गप्प झाली.

"पण वन्सं काही बोलल्या कशा नाहीत?"

"भिडेपोटी."

"वन्सं? आणि भीड?"

ती म्हणत होती ते खरं होतं. ताईला मी एकदा स्वस्तात मिळालेली एक कादंबरी दिली होती. तिच्यातली मधली पानंच बांधणीत गळली होती. आठवड्यात ताईचा फोन. "अरे, पुस्तक फाटकं निघालं तुझं. पण मधल्या पानांत काय झालं ते मी ओळखलंय. नवरा परत आलेला असणार. उगाच नाही ती बाई पुढे एवढी चिडचिड करत." अशी बाई. एकदा वाचलेलं पुस्तक तिच्या डोक्यातून हलत नाही. आणि यंदा तिने ते पुस्तक हातात घेतलं, मुखपृष्ठावरून तळवा फिरवला, वास घेतला आणि म्हणाली, "वा! हे वाचायचंच राहिलं होतं माझं."

भावोजी गेल्यापासून ताई किहीमला एकटीच राहते. घरामागे नारळाची छोटी वाडी, वाडीत पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या, आणि पाहुण्यांना ती स्वतःच्या हातचं जेवू घालते. मुलगा पुण्याला. तिच्या वालाच्या बिरड्यासाठी मुंबईची माणसं परत परत येतात; आणि तीही माझ्यासारखी सवलत न मागता.

तुळशीचं लग्न झाल्यावरच्या एका रविवारी मी मोटारसायकल काढली. पुस्तक बदलून देतो, असा बहाणा. ताई ओटीवर नारळ सोलत बसली होती. फाटक वाजलं तेव्हा तिने वर पाहिलं आणि "या, या, खोली रिकामीच आहे," असं म्हणाली.

"ताई, मी आहे."

"मेल्या, तू होय! हेल्मेट घालून येतोस, ओळखू कशी?"

हेल्मेट माझ्या हातात होतं.

ती चहा करायला आत गेली. मी तिच्या कपाटापाशी उभा राहिलो. मी पाठवलेले दिवाळी अंक एकावर एक रचलेले होते. त्यातल्या दोन अंकांचं प्लॅस्टिक अजून तसंच. बाहेर येऊन चहा ओतताना तिने कपाच्या काठाच्या आत बोट धरलं होतं, चहा बोटाला लागेपर्यंत. मग मी जे केलं त्याचा मला अभिमान नाही. सोबत आणलेलं नवं पुस्तक मी तिच्या हातात उलटं दिलं. खालची बाजू वर.

तिने ते समोर धरलं. मान किंचित तिरकी केली, कोंबडी बघते तशी. "छान आहे," म्हणाली. "चित्र छान काढलंय."

पुस्तक सुलटं करायला मी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"गप्प का झालास?" मग आवाज खाली आणून, "उलटं दिलंस?"

"हो."

"परीक्षा घेतोस होय रे माझी? लहानपणी पाढे मी घेत होते तुझे." असं म्हणून तिने पुस्तक मांडीवर ठेवलं आणि पदराने उगाचच कप पुसायला लागली.

मग थोडं थोडं बोलली. साखरेचा आजार जुनाच. मागच्या उन्हाळ्यापासून ओळी वाकड्या दिसायला लागल्या, दाराची चौकट मध्येच पोटात गेल्यासारखी. मग मधला शब्दच गायब. कडेचं दिसतं, जे बघायचं तेवढं दिसत नाही. अलिबागला शेजारणीबरोबर जाऊन आली होती. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याला सूज आहे, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, पनवेलला जा, उशीर करू नका.

"मग?"

"मग काय. सोबत कोणीतरी लागतं म्हणाले. मुलाला कळल्याशिवाय कसं जाणार?"

"कळू दे की."

"त्याला कळलं की माझं किहीम संपलं." तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं. "तो वाईट नाही रे. काळजीनेच मारतो. आत्ताच म्हणतो, आई, खोल्या बंद कर, पुण्याला ये, बाराव्या मजल्यावर छान वारा येतो. तो जमिनीचा दलाल दर महिन्याला येऊन बसतो, 'काकी, आता भाव चांगला हाय, विचार करा.' आंधळ्या बाईला वाडी कोण ठेवू देईल? स्वयंपाक मी हातांनी करते, डोळ्यांनी नाही. पाहुणे मोबाइलवर पैसे पाठवतात, मी म्हणते, आले हो. आले की नाही देव जाणे. पण चाललंय ना? तू बोलायचं नाहीस. तुझ्या बायकोलाही नाही. आईची शपथ आहे तुला."

आमची आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण तिची शपथ अजून चालते. मी मान डोलवली. मग लक्षात आलं की मान डोललेली तिला दिसली नसणार, म्हणून "बरं" म्हणालो.

घरी येऊन सांगितलं की ताईला दुसरं पुस्तक फार आवडलं.

शहाण्या माणसाने यावर काय केलं असतं ते मला कळत होतं. मी मात्र मला जे येतं ते केलं: फुकट काय मिळतं ते शोधलं. न्हावा शेव्याच्या ऑफिसात कंटेनरचे कागद बाजूला ठेवून मी जेवणाच्या सुट्टीत पुस्तकं ऐकवणारी ॲप शोधायचो. पहिला महिना मोफत, अशी दोन सापडली. एका ठिकाणी जुनी पुस्तकं कायमचीच मोफत. मी हरखलो. पुढच्या रविवारी ताईच्या फोनवर सगळं बसवून दिलं, तिच्या कानात इअरफोन घातले, आणि तिचा चेहरा उजळेल म्हणून समोर बसलो.

थोड्या वेळाने तिने ते काढून माझ्या हातात दिले. "हा वाचणारा बाबा चांगला वाचतो. पण एखादं वाक्य आवडलं की मी थांबते. हा थांबतच नाही."

मी तिला मागे जायचं बटण शिकवायला लागलो. ती शिकल्यासारखं करत होती. मला वाटलं, आपण काहीतरी करतोय. दवाखान्याचं नाव मी काढलं नाही, तिनेही नाही.

डिसेंबर लागला आणि एका संध्याकाळी भाच्याचा फोन आला. मी ओट्याशी कांदा चिरत होतो. बायकोने फोन स्पीकरवर लावून दिला.

"मामा, नाताळच्या सुट्टीत आम्ही किहीमला जातोय. आईला काहीतरी भारी द्यायचंय. ती तुमच्यासारखी, पुस्तकांशिवाय तिला काही नको असतं. सांगा ना, काय देऊ? अख्खा संच देतो. सवलत कुठे असते तेही तुम्हालाच माहीत."

तेव्हा बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून एका संचाचं नाव निघालं. मग दुसऱ्याचं. वर मी त्याला असंही सांगितलं की महिनाअखेरीस भाव उतरतात, थोडं थांब.

"थँक्यू मामा! बारीक टाइपाचं चालेल ना तिला? स्वस्त पडतंय ते."

"चालेल," मी म्हणालो.

बायकोने फोन बंद केला. माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांतून पाणी कांद्याचं येतंय असं मी सांगून पाहिलं. तो कांदा अलिबागचा पांढरा, त्याने कुणी रडत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी शपथ मोडली. सगळं सांगितलं, ॲपसकट.

तिने सरळ ताईला फोन लावला. "वन्सं, परवा मी रजा टाकतेय. पनवेलला जायचंय. नाही, यांनी काही सांगितलं नाही, यांच्या तोंडावर दिसतं सगळं. खोलीचे पाहुणे जेवून जाऊ देत, मग निघू. आणि सुई टोचली तर ओरडायचं नाही, माझी लाज जाईल."

फोन अजून स्पीकरवरच होता. मग ताई म्हणाली, "बिरड्याला वाल भिजत घातलेत गं." म्हणजे येते.

पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे नीट तपासले. डाव्यातलं गेलं ते आता येणार नाही, म्हणाल्या. उजवा राखता येईल, पण दर महिन्याला यावं लागेल, चुकवून चालणार नाही. "थोडं आधी यायचं होतं," असंही म्हणाल्या, आणि कुणाकडेच न बघता कागद पुढे केला. मी बाकावर बसून राहिलो. महिनाभर मोफत, महिनाभर मोफत, एवढंच डोक्यात फिरत होतं.

परतताना ताई डोळ्यावर पट्टी घेऊन मागच्या सीटवर झोपली. पेणच्या पुढे आल्यावर बायकोने वळून तिच्या अंगावरची शाल सारखी केली, आणि मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाली, "भाच्याला आज फोन तुम्हीच करा. पण आधी सांगा, आई किहीम सोडणार नाही, दर महिन्याला आम्ही नेऊ. ते त्याने कबूल केलं की मग डोळ्यांचं."